टेनिसचा बूट आडवा तपासावा

आपल्या प्रश्नातला तपशील आधी एकत्र मांडतो, कारण उत्तर त्यावरच उभे आहे. आपले वय 43, वजन 84 किलो. पुण्यात हार्ड कोर्टवर, म्हणजे डांबर-काँक्रीटच्या टणक कोर्टवर, आठवड्यातून चार सकाळी दीड-दीड तास खेळता, बहुतेक डबल्स. पाऊल पुढच्या बाजूला रुंद आहे. आतापर्यंत आपण धावण्याचे बूट घालून खेळत होता. त्यांतला शेवटचा जोड अडीच महिन्यांत उजव्या अंगठ्याखाली झिजून गेला, दोन्ही करंगळ्यांना फोड आले आणि मध्यंतरी आडव्या धावेत डावा घोटा मुरगळला. आता टेनिसचाच बूट घ्यायचे आपण ठरवले आहे. त्याचा आराम, आधार आणि टिकाऊपणा दुकानात उभे राहून कसा पारखावा, आणि बारा हजारांचा बूट चार हजारांच्या बुटापेक्षा खरोखर तिप्पट चांगला असतो का, असे आपण विचारले आहे.

मी सव्वीस वर्षे टेनिस शिकवतो आहे आणि शिकायला येणाऱ्यांचे झिजलेले बूट हातात घेऊन उलटेपालटे करून पाहण्याची सवय मला पहिल्यापासून आहे. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की टेनिसचा बूट पुढे-मागे चालून कळत नाही, तो आडवा तपासावा लागतो. दुकानात आपण गालिच्यावर चार पावले सरळ चालतो आणि 'मऊ आहे' म्हणून समाधान पावतो. पण कोर्टावर बुटाची खरी परीक्षा आपण बाजूला झेपावून एका पायावर थांबतो आणि उलट दिशेने परत निघतो त्या क्षणी होते. आराम, आधार आणि टिकाऊपणा या तिन्हींचा निवाडा त्या एका क्षणावरून करावा.

धावण्याच्या बुटाने आपल्याला दगा दिला, तो याच ठिकाणी. तो बूट एकाच दिशेने जाणाऱ्या पायासाठी घडवलेला असतो. त्याचा मधला फोमचा थर जाड आणि मऊ असतो, टाच चवड्यापेक्षा बहुधा आठ ते बारा मिलिमीटर उंच असते आणि वरची जाळी हवा खेळावी म्हणून पातळ ठेवलेली असते. सरळ धावताना हे सगळे गुणच आहेत. आडवे थांबताना मात्र शरीराचा भार बाहेरच्या कडेवर येतो, मऊ फोम त्या बाजूला दबतो, पाऊल जाळीला ढकलत तळाच्या कडेबाहेर सरकते आणि उंचावर असलेला घोटा बाहेरच्या अंगाला कलंडतो. करंगळीचे फोडही त्यातूनच आले आहेत, कारण पाऊल प्रत्येक थांब्याला बुटाच्या आत घसरत होते. माझ्या पिढीने पांढऱ्या कॅनव्हासच्या साध्या बुटांवर टेनिस शिकले. त्यांत मऊपणा जवळजवळ नव्हता आणि टाचा दुखायच्या, पण पाऊल जमिनीलगत असल्याने ते कलंडत नसे. जमिनीलगत राहण्याचा हा गुण चांगल्या टेनिस बुटात आजही जपलेला दिसतो.

इथेच एक सावधगिरी सांगतो. अमेरिकी बोलीत 'टेनिस शूज' हा शब्द कोणत्याही कॅनव्हासच्या किंवा रबरी तळाच्या बुटाला सरसकट वापरतात. त्यामुळे ऑनलाइन दुकानात हे शब्द टाकले की फिरायला जाण्याचे आणि नुसते मिरवण्याचे बूटही समोर येतात. आदिदासचा स्टॅन स्मिथ हा एके काळी प्रत्यक्ष सामन्यात वापरला जाणारा चामड्याचा बूट होता, आज तो रस्त्यावरचा बूट आहे आणि त्यात खेळू नये. वर्णनात कोर्टाचा प्रकार, म्हणजे हार्ड, क्ले (मातीचे) किंवा ऑल कोर्ट (कोणत्याही कोर्टासाठी), स्पष्ट लिहिलेला असेल तरच पुढे वाचावे.

आता आराम. आरामातला मोठा वाटा मापाचा असतो, मऊपणाचा नव्हे. दुकानात संध्याकाळी जावे, कारण दिवसभर उभे राहून पाऊल किंचित फुगते आणि तासभर खेळल्यावरही ते तसेच फुगणार असते. खेळताना घालता तेच जाड मोजे सोबत न्यावेत. ऑफिसच्या पातळ मोज्यांवर घेतलेला बूट कोर्टावर हमखास चावतो. जाण्यापूर्वी घरी कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा पेन्सिलने काढावी, लांबी आणि चवड्याची सर्वांत जास्त रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी. बहुतेकांची दोन पावले सारखी नसतात. माप नेहमी मोठ्या पावलाचे धरावे. ब्रिटिश पद्धतीत एका अंकाचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो, म्हणजे अर्धा अंक सव्वाचार मिलिमीटरचा, आणि तेवढ्याने अंगठ्याचे नख वाचते किंवा काळे पडते. काही कंपन्यांत यूके 9 म्हणजे यूएस 10 असते, तर काहींत साडेनऊ. म्हणून अंकावर विसंबू नये. बुटाच्या जिभेच्या, म्हणजे नाड्यांखालच्या पट्टीच्या, आत सेंटिमीटरमध्ये छापलेले माप आपल्या कागदाशी ताडून पाहावे.

बूट घालून, नाड्या खेळताना बांधतो तशा बांधून, सरळ उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा उरली पाहिजे. मग दोन पावले पळून झटकन थांबावे. बोट पुढच्या भिंतीवर आपटले तर बूट तोकडा आहे, किंवा नाडी टाच धरून ठेवत नाही. दुसरी शक्यता आधी तपासावी: सर्वांत वरच्या जादा छिद्रातून नाडी त्याच बाजूला आत घेऊन लहानसा फास करावा, दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओवून खाली ओढावी आणि मग गाठ मारावी. टाच जागेवर बसते. कित्येकांचा काळ्या नखाचा त्रास मी केवळ एवढ्याने गेलेला पाहिला आहे.

आपल्या रुंद पावलाबद्दल वेगळे लिहिले पाहिजे. रुंदी अडते म्हणून अर्धा-एक अंक मोठा बूट घेणे हा आपल्याकडचा सर्रास उपाय आहे आणि तो चुकीचा आहे. लांबी वाढली की बूट जिथे वाकतो ती जागा चवड्याच्या सांध्यापुढे सरकते, टाच सैल होते आणि आधार जातो. पुरुषांच्या बुटात डी ही सर्वसाधारण रुंदी असते. त्यापुढची 2ई ही रुंद पावलांसाठी असते आणि न्यू बॅलन्ससारख्या काही कंपन्या टेनिसमध्येही ती देतात. ती मिळाली नाही तर ज्याचा पुढचा भाग मुळातच सैल घडवलेला आहे असा साचा शोधावा. चाचणी सोपी आहे. बुटातले सुटे इनसोल, म्हणजे तळव्याखालची गादी, बाहेर काढून जमिनीवर ठेवावे आणि त्यावर उभे राहावे. करंगळीची बाजू इनसोलच्या कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट आपला नाही, मग विक्रेता 'वापरून सैल होईल' असे कितीही म्हणो. टेनिसच्या बुटाचे आजचे कृत्रिम आवरण चामड्यासारखे ताणत नाही. पहिल्या दिवशी चावणारा बूट महिन्यानेही चावतोच, फक्त तोवर तो परत करण्याची मुदत संपलेली असते. मी स्वतः असा एक महागडा जोड एका दुकानदाराच्या भरवशावर घेतला होता आणि हंगामभर करंगळीला पट्टी लावून खेळलो.

मऊपणाचे महत्त्व मी कमी लेखत नाही. चाळिशीनंतर टाच, पोटरी आणि गुडघा यांना हार्ड कोर्टाचा मार जाणवतो, आणि 84 किलो वजनाला पातळ तळाचा, नुसता वेगासाठी बनवलेला बूट पुरणार नाही. पण मऊपणा टाचेखाली आणि चवड्याखाली हवा, कडांना नको. बोटाने मधल्या थराची बाहेरची कड दाबून पाहावी. ती टाचेच्या मध्यापेक्षा घट्ट लागली पाहिजे. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी 2015 साली धावण्याच्या बुटांबद्दल असे मांडले की पायाला जो बूट मनापासून सुखाचा वाटतो तो निवडणे हाच दुखापत टाळण्याचा समंजस मार्ग आहे. टेनिसला ते मत लागू करताना मी एकच अट घालतो: हे सुख आडवी हालचाल करून अनुभवलेले असावे, बाकावर बसून नव्हे.

आधार या शब्दाचा सर्वांत जास्त गैरसमज होतो. पुष्कळ जण आधार म्हणजे तळव्याच्या कमानीखालचा उंचवटा समजतात. तो उंचवटा टोचत नसला म्हणजे पुरे. टेनिसमधला आधार चार जागी असतो आणि चारही हाताने तपासता येतात. टाचेभोवतीची कडक वाटी दोन बोटांच्या चिमटीत दाबावी. ती सहज चेपली तर थांबताना टाच आत डोलणार. मग एका हाताने टाच आणि दुसऱ्या हाताने पुढचा भाग धरून ओले कापड पिळावे तसा बूट पिळून पाहावा. मधल्या भागात कडक प्लॅस्टिकचा पट्टा घातलेला असेल तर बूट थोडाच वळेल आणि परत येईल. लुळा पडला तर ठेवून द्यावा. तिसरे, टोक आणि टाच एकमेकांकडे वाकवावेत: घडी चवड्याच्या रुंद भागावर पडली पाहिजे, मधोमध कमानीखाली घडी पडणारा बूट पायाच्या तळव्याला दुखवतो. चौथी जागा बाहेरची पुढची कड. तिथे रबर किंचित बाहेर पसरलेले असावे आणि मधला थर वाटीच्या काठासारखा वर येऊन करंगळीला धरणारा असावा.

एवढे झाल्यावर ती खरी परीक्षा. दुकानातला गालिचा सोडून फरशीवर यावे, दोन्ही बूट घालून उजवीकडे एक लांब आडवे पाऊल टाकावे, गुडघा वाकवून पूर्ण भार उजव्या पायावर घ्यावा आणि तिथेच थांबून खाली पाहावे. बरोबर कोणी असेल तर त्याला समोर बसून पाहायला सांगावे. करंगळीजवळ बुटाचे आवरण फुगून तळाच्या कडेबाहेर लोंबते का? टाच आतून उचलली जाते का? तळाची आतली कड जमिनीवरून सुटते का? यांतले काहीही दिसले तर आधार अपुरा आहे. दहा वेळा उजवीकडे, दहा वेळा डावीकडे. लोक पाहतील म्हणून संकोच करू नये. एकेरीचे कोर्ट 8.23 मीटर रुंद असते, दुहेरीचे 10.97, आणि त्यातली आपली बहुतेक धाव चार-पाच पावलांची, आडवी आणि थांब्याने संपणारी असते. दुकानातल्या या वीस पावलांत आपण नेमके तेच करून पाहत असतो.

टिकाऊपणाबद्दल नव्या बुटापेक्षा जुना बूट जास्त खरे बोलतो. आपला उजवा अंगठ्याखाली गेला, असे आपण लिहिले आहे. उजव्या हाताने सर्व्हिस करणाऱ्याचा मागचा, म्हणजे उजवा पाय चेंडू मारताना पुढे ओढला जातो आणि त्याच्या टोकाची आतली बाजू कोर्टावर घासते. फोरहँड वळवतानाही त्याच चवड्यावर गिरकी होते. हार्ड कोर्ट म्हणजे डांबर किंवा काँक्रीटवर वाळूमिश्रित ॲक्रिलिकचा रंग. तो पॉलिश पेपरसारखाच काम करतो. म्हणून नव्या बुटात तळाचे रबर अंगठ्याच्या बाजूने वर चढून टोकावर आलेले आहे का, हे प्रथम पाहावे. तिथे नुसते कापड किंवा पातळ प्लॅस्टिक असेल तर आपल्या पायाखाली तो बूट पुन्हा तीन महिने टिकणार नाही, तळ कितीही जाड असो. आपला जुना बूट घेऊन दुकानात जावे आणि भोक पडले त्या जागेवर नव्या बुटात काय आहे ते शेजारी ठेवून पाहावे. इतकी विश्वासार्ह तपासणी दुसरी नाही.

तळाच्या नक्षीतून कोर्ट ओळखता येते. क्ले कोर्टाच्या बुटाला टोकापासून टाचेपर्यंत माशाच्या काट्यासारखी नागमोडी खोल नक्षी असते, जेणेकरून माती धरून ठेवता येईल आणि सुटूनही जाईल. रोलां गॅरोसच्या (फ्रेंच ओपनच्या) लाल कोर्टावर वरचा थर विटांच्या चुऱ्याचा असतो. आपल्याकडच्या मुरूम-मातीच्या कोर्टांवरही हीच नक्षी चालते. हार्ड कोर्टाच्या बुटात ही नक्षी जागोजागी बदललेली असते, गिरकीच्या जागी ती दाट आणि उथळ होते, आणि रबर अधिक कडक व जाड असते. क्लेचा बूट हार्ड कोर्टावर वापरला तर त्याचे मऊ रबर लवकर झिजते. त्याहून मोठी चूक म्हणजे बॅडमिंटनचा बूट. 'नॉन-मार्किंग (फरशीवर डाग न पाडणारा) आहे, चालेल' म्हणून तो टेनिसला घातलेला मी दर महिन्याला पाहतो. त्याचे पिवळसर गम रबर लाकडी किंवा सिंथेटिक फरशीला चिकटण्यासाठी मुद्दाम मऊ केलेले असते. बाहेरच्या कोर्टावर ते काही आठवड्यांत संपते, आणि संपेपर्यंत पायाला नको तिथे पकडून ठेवते. पकड जितकी जास्त तितकी चांगली, असे मुळीच नाही. बूट अडकला आणि शरीर पुढे गेले की घोटा किंवा गुडघा त्याची किंमत मोजतो.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही ती. बुटाचा तळ शाबूत असताना त्याचा मधला थर मेलेला असू शकतो. काही वर्षांपूर्वी शिकायला येणाऱ्या एका मुलाचे जुने बूट आणि त्याच मॉडेलचा टाकून दिलेला, फारसा न वापरलेला एक बूट मला मिळाला. बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून मी दोन्ही टाचेतून उभे कापून घेतले. कमी वापरलेल्या बुटात फोमचा काप पावाच्या तुकड्यासारखा बारीक छिद्रांचा आणि उसळणारा होता. नखाने दाबले की खूण पुसली जाई. जुन्यात टाचेखालचा फोम जवळजवळ अर्ध्याने दबला होता, छिद्रे मिटली होती आणि नखाची खूण तशीच राहत होती. बाहेरून मात्र त्या जुन्या बुटाची नक्षी अजून दिसत होती आणि मुलगा दोन महिने टाच दुखते म्हणून सांगत होता. फोम असा मेला की मधल्या थराच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडतात. बूट टेबलावर ठेवून मागून पाहिला तर टाच एका बाजूला झुकलेली दिसते. यांतले काही दिसले तर तळाकडे न पाहता बूट खेळातून काढून टाकावा.

आपण आठवड्याला सहा तास खेळता. एकच जोड रोज घालण्यापेक्षा दोन जोड आलटून-पालटून वापरावेत. घाम वाळतो, फोमला उसळून परत यायला वेळ मिळतो आणि दोन्ही मिळून जास्त दिवस जातात, हा माझा अनुभव आहे. विकत घेतल्याची तारीख जिभेच्या आत मार्करने लिहावी आणि खेळलेले तास वहीत टिपावेत. काही कंपन्या काही मॉडेलांच्या तळाला सहा महिन्यांची हमी देतात, या काळात रबर झिजून फोम दिसू लागला तर जोड बदलून मिळतो. ही हमी भारतात विकलेल्या जोडाला लागू आहे का, हे बिल घेण्यापूर्वी लेखी पाहून घ्यावे.

पावसाळ्याची वेगळी काळजी घ्यावी लागते, मुंबई-कोकणात तर जास्तच. पॉलियुरेथेनचा मधला थर असलेला बूट दमट कपाटात न वापरता दोन-चार वर्षे ठेवला तर हवेतल्या ओलाव्याने त्याचे रसायन तुटते, आणि एके सकाळी घातल्यावर तळ भुगा होऊन गळून पडतो. सेलमध्ये मिळणारा जुना साठा याच कारणाने जपून घ्यावा, खोक्यावरचे किंवा जिभेवरचे उत्पादनाचे वर्ष पाहावे. भिजलेला बूट इनसोल काढून, आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली वाळवावा. कडक ऊन, हीटर आणि मे महिन्यात उभ्या गाडीची डिकी यांनी सोलचा डिंक सुटतो.

किमतीबद्दल. चार हजारांच्या खालच्या बुटांत मी बहुधा टाचेची वाटी आणि टोकावरचे रबर या दोन जागी काटकसर पाहतो. डेकॅथलॉनसारख्या खेळसाहित्याच्या दुकानात एकाच मालिकेतले चढत्या किमतीचे बूट शेजारी-शेजारी ठेवून हा फरक हाताने जाणवून घेता येतो. साधारण सहा ते नऊ हजारांत हार्ड कोर्टाचा भरवशाचा बूट मिळतो. त्यापुढचे पैसे बरेचदा वजन कमी करण्यासाठी आणि नव्या रंगासाठी असतात. असिक्सचा जेल-रेझोल्यूशन किंवा आदिदासचा बॅरिकेड यांसारखे बूट आधार आणि टिकाऊपणाकडे झुकतात. असिक्सचा सोल्यूशन स्पीड किंवा नाइकेचा व्हेपर हलकेपणाकडे. आपले वजन, आपला घोटा आणि आपली झीज पाहता मी पहिल्या जातीकडे वळवीन, डबल्समध्ये पन्नास ग्रॅमने आपले काही बिघडणार नाही. मात्र नावावर जाऊ नये: दर आवृत्तीला साचा बदलतो आणि मागच्या वर्षी बसलेला बूट यंदा चावू शकतो. मागची आवृत्ती सवलतीत आणि ताज्या साठ्यातली मिळाली तर ती अवश्य घ्यावी.

शेवटी आपला डावा घोटा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता वाढते, आणि कोणताही बूट एकटा ते थांबवू शकत नाही. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्यावे. दात घासताना रोज एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. काही महिने घोट्याला पट्ट्यांचा ब्रेस वापरायचा झाल्यास संकोच करू नये, ब्रिटिश टेनिसपटू अँडी मरेने वर्षानुवर्षे दोन्ही घोट्यांना तो वापरला आहे. पण ब्रेस बुटात जागा घेतो. म्हणून खरेदीला जाताना तो आणि जाड मोजे दोन्ही पिशवीत टाकावेत, आणि डावा बूट ब्रेससकट घालूनच ती वीस आडवी पावले टाकून पाहावीत.